गोडसे भटजींचं कर्जखातं

कर्जदार माणूस गावाला निघाला असं कानावर आलं, की बँकेच्या पोटात गोळा उठतो. तो बिचारा तिरुपतीला चाललेला असेल, नाहीतर मुलीच्या डोहाळजेवणाला. पण आमच्या मॅनेजरांच्या डोळ्यांपुढे ताबडतोब त्याच्या जामीनदारांची नावं नाचू लागतात. वास्तविक कर्ज आणि प्रवास यांचं नातं फार जुनं. आपण पांढरपेशे लोक कर्ज काढून प्रवास करतो. बँकेतले लोक एल.एफ.सी. घेऊन करतात, म्हणजे भाडं बँकेचं आणि कुरकुर स्वतःची. पण डोक्यावरचं कर्ज फेडण्यासाठी प्रवासाला निघालेला आणि चार पावलं टाकतो न टाकतो तोच इतिहासाच्या चरकात सापडलेला एक माणूस मराठीत होऊन गेला. त्याचं नाव विष्णुभट गोडसे, राहणार वरसई, तालुका पेण. साल 1857.

या भटजींनी पुढे ‘माझा प्रवास’ नावाचं पुस्तक लिहिलं. इतिहासकार ते झाशीच्या राणीसाठी वाचतात. साहित्यिक मंडळी त्यातल्या भाषेसाठी वाचतात आणि वाचून झाल्यावर उसासे टाकतात. मी कॉमर्सचा पदवीधर. मी ते जमाखर्चासाठी वाचलं. आणि वाचकहो, खरं सांगतो, सत्तावन्नच्या बंडावर मी शाळेत ज्या काही टिपा पाठ केल्या होत्या, त्या सगळ्यांपेक्षा हे कर्जखातं मला जास्त कळलं.

खातं असं सुरू होतं. विष्णुभटांचं वय तिशीच्या आसपास. घरात माणसं खाणारी, मिळकत भिक्षुकीची आणि वर कर्ज. आता भिक्षुकीवर घर चालत नाही हे आजचं दुखणं नव्हे. ते 1818 पासूनचं आहे. पेशवाई होती तोवर श्रावणात पुण्याला पर्वतीच्या रमण्यात दक्षिणा वाटली जात असे. विद्वानाला विद्वत्तेच्या मानानं, नुसत्या ब्राह्मणाला ब्राह्मण्याच्या मानानं. कंपनी सरकार आलं आणि त्यानं या खर्चाला कात्री लावली. काही पैसा वळवून 1821 साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. म्हणजे दक्षिणा हवी तर आता परीक्षा द्या! कुठलंही नवं व्यवस्थापन आलं की आधी जुने भत्ते बंद होतात, हा नियम बँकांच्या विलीनीकरणापेक्षा बराच जुना आहे.

अशा वेळी बातमी आली, की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार आणि त्यावर सात-आठ लाख रुपये खर्च होणार. बायजाबाई म्हणजे कागलच्या सर्जेराव घाटग्यांची कन्या, दौलतराव शिंद्यांची पत्नी. दौलतराव 1827 साली वारल्यावर काही वर्षं त्यांनी राज्याचा कारभार हाकलेला. शिवाय पक्क्या व्यवहारी. उज्जैन आणि काशीला त्यांच्या पेढ्या चालत. तेव्हा पार्टी चोख होती, आकडा मोठा होता आणि विद्वान ब्राह्मणांना मागणी निघणार हे उघड होतं. कर्जप्रकरणात आम्ही ‘परतफेडीचे साधन’ असा एक रकाना ठेवतो. विष्णुभटांच्या त्या रकान्यात ‘बायजाबाईंचा यज्ञ’ एवढंच लिहिता आलं असतं; पण एखाद्या मॅनेजरनं त्यावर डोळे मिटून सही केली असती.

घरी अर्थातच चर्चा झाली. वडिलांना दूरदेशीच्या गोष्टी पसंत नव्हत्या. तिकडचे लोक भांग पितात आणि तिकडच्या बायका परक्या पुरुषाला भुरळ पाडतात, अशी त्यांची माहिती. मुलगा हिंदुस्थानात चालला आणि बापाला काळजी कसली, तर भांगेची आणि बायकांची! तोफांची आठवण कुणालाच नव्हती. कुठून असणार? अखेर काका रामभट बरोबर जातो म्हणाले, तेव्हा परवानगी मिळाली. म्हणजे जामीनदार घरचाच उभा राहिला. आणि 1857च्या मार्चच्या सुमारास काका-पुतणे निघाले. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू होऊन चार वर्षं झाली होती, पण मथुरेला जाणाऱ्या माणसाला तिचा फारसा उपयोग नव्हता. बाकीचा हिंदुस्थान पायांनीच उरकायचा होता.

आता तुम्ही म्हणाल, 1857 साली कुणी उत्तरेकडे निघतं का? पण 1857 साल हे 1857 आहे हे त्या वर्षी कुणाला ठाऊक होतं? आपण इतिहासाचं पुस्तक शेवटच्या पानापासून वाचतो, म्हणून आपल्याला रस्त्यावरचा माणूस मूर्ख वाटतो. शिवाय लांबच्या गावाची बातमी पोचते कशी, याचा आम्हा माळेगाव बुद्रुकच्या लोकांना चांगला अनुभव आहे. आमचं माळेगाव बारामतीजवळचं. ऊस, कालवा आणि साखर कारखाना असलेलं. पण नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात खुट्ट झालं, की आमच्या मुंबईच्या आत्याबाईंचा फोन ठरलेला: “तिकडे सगळं शांत आहे ना रे? दारं-खिडक्या लावून बसा हो!” ळ आणि ल यांच्यातलं अंतर तीनशे किलोमीटरांच्या घरात आहे, हे आत्याबाईंना आजवर पटवता आलेलं नाही. एका अक्षरानं आजही इतका घोटाळा होतो, तर त्या काळात वरसईला मेरठ किती कळणार? मेरठला पलटणी उठल्या 10 मे रोजी. तोवर आमची दुक्कल वाटेला लागून बरेच दिवस झाले होते.

त्यांना बातमी कळली ती वाटेतच, महूजवळ, आणि तीही शिपायांच्या तोंडून. आता मोठी गडबड होणार, पुढे जाऊ नका, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं. काडतुसांची गोष्ट सांगितली. आणखी एक गोष्ट सांगितली ती अशी, की इंग्रजांनी कलकत्त्याला राजेरजवाड्यांपुढे चौऱ्याऐंशी कलमं ठेवली असून ती सारी हिंदू-मुसलमानांचा धर्म बुडवणारी आहेत. अशी काही यादी सरकारनं काढलेली नव्हती. पण विधवाविवाहाचा कायदा 1856 साली झाला होता, संस्थानं भराभर खालसा झाली होती आणि नव्या बंदुकीच्या काडतुसांना चरबी लावतात हे शिपायांच्या कानी गेलं होतं. दोन-तीन कलमं खरी असली, की उरलेली एक्क्याऐंशी लोक आपणहून भरतात. आमच्याकडे हेड ऑफिसचं एखादं सर्क्युलर येणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी दुपारच्या डब्यापर्यंत त्याची कलमं डझनावर जातात. तिथं तर राज्याचा आणि धर्माचा प्रश्न होता.

शिपाई स्वतः सांगताहेत, परत फिरा. मग भटजी फिरले का नाहीत? इथे मला पुस्तक क्षणभर मिटावं लागलं. धर्माभिमान म्हणावा, तर ते लढायला निघाले नव्हते. हौस म्हणावी, तर ती महूलाच फिटली असती. कारण एकच. रिकाम्या हातांनी परत गेलं, तर घरी काय दाखवायचं? पुढे गेलं तर कदाचित मरण होतं. मागे मात्र नक्की सावकार होता. कर्जदाराच्या तराजूत ‘कदाचित’ नेहमी हलकं पडतं.

आणि ही काही एकट्या वरसईची तऱ्हा नव्हे. त्याच सुमारास पृथ्वीच्या पार पलीकडच्या अंगाला, मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा नावाच्या चिमुकल्या देशातून अमेरिकन लोकांच्या झुंडी चालल्या होत्या. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं होतं आणि तिकडे जायची एक जवळची वाट या देशातून होती: बोटीनं किनाऱ्याला, मग सान हुआन नदीतून वर, मग निकाराग्वाचं मोठं सरोवर, मग थोडी खुश्कीची वाट, की आला पॅसिफिक महासागर. त्या देशात यादवी चाललेली. त्यातच विल्यम वॉकर नावाचा एक अमेरिकन पुंड 1855 साली मूठभर लोक घेऊन घुसला आणि 1856 साली चक्क राष्ट्राध्यक्ष होऊन बसला. शेजारची राज्यं त्याच्यावर तुटून पडली. तरीही त्याच्या राजवटीत वाट बंद पडेपर्यंत उतारू जातच राहिले, कारण सोनं तिकडे होतं. वॉकर शरण आला 1 मे 1857 रोजी. मेरठच्या आधी बरोबर नऊ दिवस. कुठं निकाराग्वा आणि कुठं महू! पण लढाईच्या मधून गाठोडं सांभाळत जाणारा माणूस दोन्हीकडे एकाच जातीचा. त्याला कोण राजा होणार यापेक्षा पुढची वाट उघडी आहे की नाही, याचं महत्त्व जास्त.

तर भटजी पुढे गेले आणि मजल-दरमजल करत ग्वाल्हेरला पोचले. मथुरेचा यज्ञ अर्थातच बारगळला होता. सगळ्या देशाचंच यज्ञकुंड झाल्यावर वेगळं कुंड कोण पेटवणार? म्हणजे परतफेडीचं साधन पहिल्याच वर्षी बुडालं. पण भटजी चिवट. अनुष्ठानं, जपजाप्य, मिळेल ती दक्षिणा असं करत त्यांनी थोडं थोडं जमवलं. पैसा घरी धाडायचा तर हुंडी करायची. पण हुंडी वटते ती पेढीचं दार उघडं असेल तर. बंडात पहिल्यांदा बंद होतं ते पेढीचं दार. त्यामुळे अशा दिवसांत जवळची माया जवळच बाळगायची आणि जिवाबरोबर तिचीही राखण करायची. यापरतं वाईट तारण नाही.

मग ते झाशीला आले. गंगाधरराव 1853 साली वारले, दत्तकविधान नामंजूर झालं, 1854 साली झाशी खालसा झाली, आणि बंडाच्या धामधुमीत राज्य पुन्हा राणीकडे आलं होतं. भटजींना तिथं आश्रय मिळाला. या दिवसांबद्दल त्यांनी जे लिहिलंय ते वाचताना माझ्यातला कारकूनसुद्धा खुर्चीत सावरून बसला. कारण भटजी राणीचा पुतळा उभारत नाहीत. पुतळे उभे राहायला अजून बरीच वर्षं होती. ते सांगतात, बाई पहाटे उठून व्यायाम कशी करी, घोडा कसा पारखी, दरबारात कधी पुरुषी वेषात कशी येई, दानधर्म कसा करी. शेजारच्या मोठ्या घरच्या कर्तबगार सुनेबद्दल आपण ज्या कौतुकानं बोलू, तसं. भटजी आपल्या काळाचे होते आणि आपल्या जातीच्या चष्म्यातूनच बघत. तो चष्मा पानोपानी दिसतो. पण बघत मात्र नीट.

1858च्या मार्चमध्ये सर ह्यू रोजची फौज झाशीपुढे येऊन उभी राहिली. तात्या टोपे मदतीला आले ते 1 एप्रिलला बेतवेच्या काठी मार खाऊन परतले. 3 एप्रिलला इंग्रज शहरात शिरले आणि 4च्या रात्री राणी किल्ल्यातून निसटली. आमच्या शाळेच्या पुस्तकात हे सारं तीन ओळींत होतं आणि परीक्षेत त्याला चार गुण होते. भटजी मात्र त्या तीन ओळींच्या आत राहत होते. रात्री आभाळातून लाल चेंडूसारखे गोळे येताना दिसत. पाण्याचे हाल. आणि शहर पडल्यावर घरोघर कत्तल आणि लूट. लुटीलाही एक क्रम होता, हे भटजींनी टिपून ठेवलंय: आधी सोनं, चांदी, रोकड, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कापडचोपड, धान्य. म्हणजे लुटारूंनाही रकाने होते! राणीच्या वाड्यात मोठा ग्रंथसंग्रह होता, तो धुळीला मिळाला; त्याचं दुःख भटजी स्वतःच्या पैशांइतक्याच तळमळीनं सांगतात. आणि स्वतःचे पैसे? ते गेलेच. इतक्या दिवसांच्या जपाची, पायपिटीची कमाई गोऱ्या शिपायांच्या खिशात गेली. जीव वाचला तो घासाघीस करून. पावती अर्थातच मिळाली नाही.

पावतीचं मी उगाच म्हणत नाही. चित्रकूटजवळ कर्वी म्हणून गाव आहे. तिथं अमृतराव पेशव्यांच्या वंशातली मंडळी राहत. तिथली संपत्ती इंग्रज फौजेनं 1858च्या जूनमध्ये न लढता ताब्यात घेतली. पुढे ही लूट कोणत्या तुकडीला किती, यावरून इंग्रज सेनापतींमध्येच वाद लागला आणि 1866 साली लंडनच्या न्यायालयात त्याचा रीतसर निकाल झाला. वकील, साक्षीपुरावे, सगळं. लुटणाऱ्यांचा हिशेब पै-पैपर्यंत लागला. ज्यांचं लुटलं, त्यांना मात्र कुठल्याही काउंटरवर टोकन मिळालं नाही.

झाशीतून जीव घेऊन निघालेले काका-पुतणे काल्पीच्या वाटेवर होते. आणि इथे त्या प्रवासातला सगळ्यांत मोठा प्रसंग एका विहिरीवर घडतो. धुळीनं माखलेली, पठाणी वेषातली घोड्यावरची व्यक्ती पाणी प्यायला थांबते, आणि भटजी ओळखतात: ही तर राणी. ते पाणी शेंदून द्यायला पुढे होतात. ती म्हणते, आपण विद्वान ब्राह्मण, आपण माझ्यासाठी पाणी काढू नये. आणि स्वतः मडक्यानं पाणी शेंदून ओंजळीनं पिते. चार शब्द बोलते, त्यांत निराशा असते, आणि निघून जाते. बस्स, एवढंच. या प्रसंगाला दुसरा साक्षीदार नाही. भटजींनी तो पंचवीस वर्षांनी आठवणीतून लिहिलाय. काटेकोर इतिहासकार मान हलवतील, आणि हलवावी. पण मला त्यातली एक गोष्ट हलवता येत नाही. राज्य गेलेली बाई आणि गाठोडं गेलेला भटजी एका विहिरीवर उभे आहेत आणि दोघांनाही फक्त तहान लागली आहे.

पुढचं आपल्याला माहीत आहे. मे महिन्यात काल्पी पडली. 1 जून 1858 रोजी बंडवाल्यांनी ग्वाल्हेर घेतलं, रावसाहेब पेशव्यांनी तिथं थाटानं दरबार भरवला, जेवणावळी उठल्या. इकडे इंग्रज फौज चालून येते आहे आणि तिकडे लाडवांच्या पंगती! ज्यांना सभासमारंभाशिवाय कुठलंही काम सुरू करता येत नाही, अशा सर्व मंडळींचे रावसाहेब हे आद्य पुरुष मानायला हरकत नाही. महिना संपायच्या आत राणी रणात पडली आणि ग्वाल्हेर पुन्हा हातचं गेलं. नानासाहेबांना पकडून देणाऱ्याला एक लाख रुपयांचं बक्षीस लागलेलं. अशा दिवसांत दक्षिणी वळणाचा ब्राह्मण दिसला, की शिपाई त्याच्याकडे दोनदा बघत असणार. एकदा संशयानं आणि एकदा लाखाच्या हिशेबानं!

एव्हाना शहाण्या माणसानं घरची वाट धरली असती. भटजींनी काय केलं? ते तीर्थयात्रेला गेले. चित्रकूट, काशी, अयोध्या. कमाई बुडाली होती, पण एवढ्या लांब आलोच आहोत तर गंगा तरी घरी नेऊ, हा हिशेब. आणि नेली कशी, तर कावडीनं. कावड म्हणजे काय हे आमच्या भागात सांगावं लागत नाही. दर चैत्रात शिखर शिंगणापूरच्या शंभूमहादेवाला कावडी जातात. सासवडची भुतोजी तेलींची कावड मुंगी घाटाचा उभा कडा चढते, तो बघताना खाली उभ्या असलेल्याचे पाय लटपटतात. पण ती वाट काही दिवसांची आणि खांदे बदलायला गाव लोटलेला. भटजींनी गंगेची कावड खांद्यावर घेऊन उत्तर हिंदुस्थानातून थेट कोकण गाठलं. लुटारूंनाही पाण्यात रस नव्हता. सगळ्या प्रवासात न लुटली गेलेली वस्तू तेवढीच.

अडीच-तीन वर्षांनी ते वरसईला पोचले. आईवडील जिवंत होते. त्यांना त्या पाण्यानं स्नान घातलं.

आता या खात्याचा ताळेबंद मांडा. कर्ज फेडायला गेलेला माणूस गेला होता तितकाच गरीब परत आला. जमा बाजूला काय? दोन घागरी पाणी. आमच्या ऑडिटरपुढे हे खातं ठेवलं, तर तो चष्मा पुसून म्हणेल, संपूर्ण बुडीत. मीही पंधरा-वीस वर्षं व्हाउचरं लिहिलेली आहेत, मला त्याच्याशी वाद घालता येणार नाही. पण ज्या बापानं भांगेची काळजी केली होती, त्या बापाच्या डोक्यावर तीन वर्षांनी मुलगा स्वतःच्या हातानं गंगा ओततो, या नोंदीला कुठला कोड नंबर द्यायचा ते त्याला तरी कुठं ठाऊक आहे?

पुढे वीस-पंचवीस वर्षं हा माणूस गप्प होता. घरी, पंगतीत, ओसरीवर सांगत असेल. कागदावर काही नाही. मग चिंतामणराव वैद्य या यजमानांच्या घरच्या तरुणानं आग्रह धरला, की भटजी, हे लिहून काढा. हे तेच वैद्य, पुढे भारताचार्य म्हणून नावाजलेले. भटजींनी 1883च्या सुमारास लिहिलं. पण अट घातली: मी जिवंत असेतो छापायचं नाही. भित्रा म्हणू नका. त्याच 1883च्या फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडके एडनच्या तुरुंगात वारले होते. फडके शिरढोणचे, पनवेलजवळचे; म्हणजे वरसईपासून फार लांबचे नव्हेत. सरकारची आठवण किती पक्की असते, हे त्या मुलुखाला कुणी वेगळं सांगायला नको होतं.

वैद्यांनी अट पाळली. भटजी गेल्यावर, बंडाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, 1907 साली पुस्तक छापलं. छापताना हात आखडून छापलं, काही गाळलं, भाषा इस्त्री करून घेतली. पुढे त्यांनी मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्वाधीन केलं आणि त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली भटजींचा मजकूर जसाच्या तसा वाचकांपुढे आणला. अमृतलाल नागरांनी तो हिंदीत नेला, इंग्रजीतही गेला. ज्या माणसाला झाशीत एक पावती मिळाली नाही, त्याच्या शब्दाचा आधार आज मोठमोठे ग्रंथकार घेतात. तारखा थोड्या इकडेतिकडे आहेत, ऐकीव गोष्टी मिसळल्या आहेत, सगळं कबूल. पण सेनापतींची पत्रं वाचून लढाई कळते. झाशीत त्या आठवड्यात पाणी कुठून आणायचं हे कळत नाही.

मला या सगळ्यात राहून राहून वाटतं ते वैद्यांबद्दल. त्यांनी विचारलं, म्हणून लिहिलं गेलं. न विचारते तर वरसईच्या ओसरीवरच विरून गेलं असतं. आणि न विचारलेले किती असतील! आमच्याकडे दर दिवाळीच्या सुमारास बीडकडून, नगरकडून ऊसतोड करणाऱ्यांची बिऱ्हाडं येतात. बैल, बायका, कोंबड्या, पोरं. मुकादमाकडून घेतलेली उचल असते, ती ऊस तोडून फेडायची. म्हणजे हाही कर्ज फेडण्यासाठीचाच प्रवास, फक्त एल.एफ.सी. नसलेला. 2020च्या मार्चमध्ये हंगाम संपत आला आणि टाळेबंदी लागली. आम्ही घरात बसून केळ्याच्या वेफर्सवर चर्चा करत होतो. ही माणसं मात्र फडाच्या कडेला पालात अडकली. मागे गावी घर, पुढे बंद केलेला रस्ता, मध्ये पोलीस आणि अफवा. एप्रिलच्या मध्यावर सरकारनं परतीची परवानगी दिली, तोवर काहींनी रात्रीच्या आडवाटा धरल्या होत्या. राज्य कुणाचं बुडालं नव्हतं, तोफा सुटल्या नव्हत्या. पण जग एका रात्रीत बंद पडल्यावर परमुलुखात गाठोडं कसं सांभाळायचं, लेकराला दूध कुठून आणायचं, वाटेत कोण भला भेटला आणि कोणी दार लावून घेतलं, हे सारं त्यांनी पाहिलंय. त्यांच्या दाराशी कोणी वैद्य गेला असेल, तर मला फार आनंद होईल.

नसेल गेला तर अजून वेळ आहे. माणसं दर दिवाळीला येतात, आणि आठवणी अजून ताज्या आहेत. लिहायला कागद लागले, तर आमच्या बँकेत पाठकोऱ्या स्लिपांचे गठ्ठे पडलेले असतात. तेवढी तरतूद मी मॅनेजरांना न विचारता करू शकतो.